वारीची वाट आणि पाण्याचा नेम



आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. या अंकात दिंडीच्या विणेकऱ्यांवर, चालकांवर, अन्नदात्यांवर जाणत्या मंडळींनी लिहिले आहेच. माझ्या वाट्याला विषय आला तो वाटेचा. आळंदी ते पंढरपूर ही वाट शंभर वर्षांत कशी बदलली, एवढेच लिहायचे होते. पण कागद पुढे घेतला आणि लक्षात आले, वाटेचा इतिहास म्हणजे बराचसा पाण्याचाच इतिहास आहे. मुक्काम कुठे टाकायचा, विसावा कुठे घ्यायचा, पंगत कुठे बसवायची, हे सगळे पाण्यावरून ठरले. आणि पुढची शंभर वर्षे वारी कशी चालेल, तेही पाण्यावरूनच ठरणार आहे. म्हणून हा लेख पाण्याचा, आणि पाणी राखण्यासाठी माणसांनी एकत्र येऊन धरलेल्या नेमाचा.

पाण्यावर पडलेले मुक्काम

तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकात, १८३२ च्या सुमारास, हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले. दिंड्यांचा क्रम, चोपदार, भजनाची शिस्त, समाजआरती ही घडी तेव्हापासूनची. या वाटेवरची गावे नीट बघा. सासवडला कऱ्हा आहे. नीरेला माउलींच्या पादुकांचे स्नान होते. फलटणला बाणगंगा आहे. आणि शेवटी चंद्रभागा. हजारो माणसे आणि शेकडो बैल यांना एका रात्रीत पुरेल एवढे पाणी जिथे असेल तिथेच तळ पडणार, हे उघड आहे.

शंभर वर्षांपूर्वी दिंडी निघाली तेव्हा वाटेवर नळ नव्हते, टँकर नव्हते. विहिरीवर मोट चालायची, आणि दिंडी आली की मळेकरी दंडाचे पाणी पिकाकडून वळवून वारकऱ्यांना मोकळे करून द्यायचा. जुनी माणसे हे सांगताना आजही हात जोडतात. पाणी पखालीतून यायचे, रांजणात साठायचे. जेवण पळसाच्या पत्रावळीवर, आमटी द्रोणात. पाऊस आला की डोक्यावर घोंगडी. सावलीला रस्त्याच्या कडेचे वड, चिंच, लिंब. तळ उठल्यावर मागे जे राहायचे ते जनावर खाई, नाहीतर माती खाई.

पण जुने ते सगळे सोन्याचे होते असेही समजू नये. एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे वारीच्या मागे पटकी लागलेली असे. एवढी माणसे एकाच पाण्यावर प्यायची, त्याच पाण्याकाठी बसायची, आणि रोग गावोगाव पसरायचा. पंढरीला गेलेला माणूस परत येईल याची खात्री नसे. घरची माणसे निरोप देताना रडायची ती काही केवळ मायेने नव्हे.

ती पटकी गेली कशी? औषधे आली हे खरे, पण औषध आले म्हणजे रोग जातो असे नाही. विहिरीत लाल औषध टाकू द्यावे लागले, पुढे टीसीएल पावडर आली, माणसांना टोचून घ्यावे लागले. लोक आधी भ्यायचे, पळायचे. मग दिंडीप्रमुखांनी आधी स्वतःचा दंड पुढे केला की मागची रांग लागायची. एकट्या माणसाने पाणी उकळून प्यायले असते तर तो एकटा वाचला असता, कदाचित. सगळ्यांनी नियम पाळला म्हणून सगळे वाचले. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तीच कामी येणार आहे.

हातात झाडू

स्वच्छतेचा नेम आपल्याला शिकवला तो गाडगेबाबांनी. जन्म १८७६, देह ठेवला १९५६ साली. गावात शिरले की बाबा आधी झाडू हातात घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात प्रश्न विचारायचे, माणसांकडून उत्तर काढून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसे झाडू घेऊन बाहेर पडायची. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण ज्यांना कुणी उतरू देत नव्हते त्यांना छप्पर हवे होते.

बाबांची रीत अशी, की सांगण्याआधी करायचे, आणि एकट्याने सुरू केलेले काम गावाच्या हातात द्यायचे. २००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावेच्या गावे स्पर्धेत उतरली. अनेक गावांना गटार आणि शौचालय हा गावाच्या इभ्रतीचा विषय वाटू लागला तो तेव्हा.

वारीपुरते बोलायचे तर खूप उशीर झाला. चंद्रभागेचे वाळवंट घाण होत होते आणि ती घाण दुसऱ्या माणसाला हाताने उचलावी लागत होती. शेवटी त्यात मुंबई उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. त्यानंतर वाळवंटातले तंबू हलले, पासष्ट एकराचा तळ तयार झाला, आणि मुक्कामांवर फिरती शौचालये आली. आज बहुतेक दिंड्या ती वापरतात. पण मनाला विचारावे. जो वाळवंटाला पवित्र म्हणतो त्याला हे न्यायालयाने सांगावे लागले, हे काही आपल्या मोठेपणाचे नाही.

बहात्तरचा दुष्काळ

या शंभर वर्षांत वारकरी घरांवर सर्वात मोठा घाव पडला तो १९७२ चा. ज्यांची वये आज साठीच्या पुढे आहेत त्यांना सांगायला नको. विहिरी आटल्या, दावणीची जनावरे कवडीमोलाने गेली, माणसे खडी फोडायला गेली. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी यावर लेकरे जगली. त्या साली अनेक माळकऱ्यांची वारी चुकली, आणि ज्यांनी केली त्यांच्या पाठीवर रिकामी पिशवी होती.

त्या दुष्काळातून दोन मोठ्या गोष्टी उभ्या राहिल्या. पहिली रोजगार हमी. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना. मागेल त्याला काम, आणि काम असे की ज्यातून बांध, तलाव, नाला, रस्ता उभा राहील. महाराष्ट्राने १९७७ साली तिचा कायदा केला, आणि २००५ साली देशाने तिच्यावरून आपला कायदा केला. खडी फोडणाऱ्या आयाबायांच्या हातांतून देशाचा कायदा निघाला, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

दुसरी गोष्ट आपल्या वाटेला लागूनच घडली.

नायगावचा नेम

दिवे घाट चढून पालखी सासवडला येते. हा पुरंदर तालुका पर्जन्यछायेतला. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि इकडे येतात ते नुसते सावली धरायला. याच तालुक्यात नायगाव आहे. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे एक इंजिनिअर-उद्योजक इकडे आले. त्यांनी लोकांना खडी फोडताना पाहिले, आणि त्यांना प्रश्न पडला, एवढे हात खडीवर लावण्यापेक्षा पाणी अडवायला का लावू नयेत?

१९७४ साली त्यांनी नायगावच्या देवस्थानची सुमारे ४० एकर माळाची जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. माळावर कुसळही नीट उगवत नव्हते. त्यांनी उताराला आडवे बांध घातले, खाली पाझर तलाव केला, त्याच्या पायथ्याला विहीर खोदली आणि तिचे पाणी उचलून पुन्हा माळावर दिले. देवाच्या जमिनीवर धान्य पिकले. आजूबाजूचे शेतकरी बघायला आले, आणि म्हणाले, आम्हालाही करून द्या.

इथपर्यंतची गोष्ट चांगल्या इंजिनिअरची झाली. पुढची गोष्ट नेमाची आहे. साळुंखे यांनी त्यांना सांगितले, पाणी देऊ, पण अटी आहेत. त्या अटींना पुढे ‘पाणी पंचायत’ हे नाव पडले. त्या अशा :

एक, योजना एकट्यादुकट्यासाठी नाही, गट करावा लागेल.

दोन, पाणी जमिनीच्या एकरावर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. ज्याची जमीन पन्नास एकर त्यालाही तेवढेच.

तीन, ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क.

चार, पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाणार नाही, ते गटाकडे परत येईल.

पाच, ऊस लावायचा नाही. फार पाणी पिणारे दुसरे पीकही नाही.

सहा, खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी स्वतः उभा करायचा. पाणी कुणाला केव्हा मिळेल हे गटाने नेमलेला पाटकरी बघेल.

आपल्यापैकी ज्यांनी दिंडीची भिशी गोळा केली आहे त्यांना हे नियम ओळखीचे वाटतील. दिंडीत भिशी सगळे देतात, पंगतीला सगळे बसतात, आणि वाढप्या कुणाची जमीन किती हे विचारून भाकरी वाढत नाही. साळुंखे यांनी पंगतीचा नियम पाण्याला लावला, एवढेच. पण तो लावणे किती अवघड होते ते बघा. ज्याची जमीन मोठी त्याला कमी घ्यायचे होते. ज्याला उसाची गोडी लागली त्याला ती सोडायची होती. मजूर बाईला पाण्याची भागीदार म्हणायचे होते. असा नियम कागदावर सहीने टिकत नाही. शेजाऱ्याच्या डोळ्यासमोर पाळावा लागतो, तेव्हा टिकतो.

पुरंदर तालुक्यात अशा अनेक योजना झाल्या. सगळ्या टिकल्या नाहीत. कुठे विजेचे बिल थकले, कुठे पुढची पिढी वेगळी झाली, कुठे उसाचा मोह पुन्हा शिरला. साळुंखे २००२ साली गेले. पण पाणी माणसांचे, जमिनीचे नव्हे, हा त्यांचा विचार पुसला गेला नाही. पाण्याच्या न्यायाबद्दल महाराष्ट्रात कुठेही बोलणे निघाले की नायगावचे नाव निघते.

याच रांगेत अहिल्यानगर जिल्ह्यातली दोन गावे आहेत. राळेगणसिद्धीला अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून परतले आणि कामाची सुरुवात केली ती पडक्या यादवबाबा मंदिराच्या दुरुस्तीपासून. मंदिर उभे राहिले तेव्हा गाव जमले, आणि जमलेल्या गावाने मग पाणी अडवले. हिवरेबाजारला पोपटराव पवार १९८९ च्या सुमारास सरपंच झाले. तिथे पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. गावाने कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, श्रमदान केले, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले, ऊस-केळी लावायची नाही असेही ठरवले. आजही तिथे पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, आणि त्यावरून यंदा कोणते पीक घ्यायचे ते ठरते. पाऊस कमी पडला तर गाव आपणहून हात आखडते. याच गावांकडे बघून शासनाने १९९२ साली आदर्श गाव योजना आणली.

आभाळ बदलले

आता आजचे बोलू. गेल्या काही वारींत वाटेवर एकच बोलणे ऐकू येते. माउली, यंदा आभाळाचं काही खरं नाही. हे नुसते म्हाताऱ्यांचे कुरकुरणे नव्हे. नोंदी तेच सांगतात.

आपल्या वारीची घडी मृगावर बसलेली. मृगात पाऊस, पेरणी, पेरणी उरकली की खांद्यावर पताका. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती आणि मोसमी पाऊस मुंबईला पोहोचला २५ जूनला. म्हणजे पालखी पंढरीजवळ आली तरी कित्येकांच्या शेतात नांगरट कोरडी. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदीतला सर्वात कोरडा ठरला, आणि पुढच्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्याच्याही बरीच खाली गेली. मग आले २०२५. मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत, नोंदीतला सर्वात लवकर. मशागत व्हायच्या आत वावरात पाणी. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सीना नदीने सोलापूर जिल्ह्यात हाहाकार केला. माढा, मोहोळ, करमाळ्यातली उभी पिके, घरे, जनावरे पाण्यात गेली. दोन वर्षांच्या अंतराने एकाच जिल्ह्यात घसा कोरडा आणि गळ्यापर्यंत पाणी.

हे का होते? कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळले की कर्बवायू हवेत जातो आणि तिथेच साठतो. तो पृथ्वीवर गोधडीसारखा पसरून ऊब धरून ठेवतो. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. गोधडी जाड झाली. आपल्या देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले. आकडा छोटा दिसतो, पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. मग पाऊस दमादमाने पडत नाही. धरून ठेवतो आणि एकदम ओततो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. संततधार रिमझिम, जिच्यात टाळ भिजत भिजत वाजायचे, ती कमी होत चालली.

चंद्रभागेचेही तसेच. १९८० साली उजनी धरण पुरे झाले. एकशे सतरा टीएमसीचे हे धरण सोलापूर जिल्ह्याचा आधार झाले, उसाचे मळे उभे राहिले, आपल्यातल्या अनेकांची घरे त्यावर पक्की झाली. पण त्याबरोबर नदीचे वाहणे धरणाच्या दरवाजाच्या हाती गेले. आता आषाढीला पाऊस लांबला तर स्नानाला पाणी धरणातून सोडावे लागते. नदीला आपण आई म्हणतो आणि तिच्या पाण्यासाठी अर्ज करतो.

आपला वाटा किती?

इथे कुणीही रोखठोक प्रश्न विचारील, आणि विचारायलाच पाहिजे. महाराज, धूर सोडतात श्रीमंत देश, कारखाने, विमाने. आम्ही पायी चालणारी माणसे. आम्ही पत्रावळीवर जेवलो म्हणून आभाळ सुधारणार का?

प्रश्न खरा आहे. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू सोडला जातो. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे आणि अमेरिकेतल्या माणसाची सातपटीच्या आसपास. आपल्या देशातही शहरातल्या बंगल्याचा वाटा आणि दिंडीतल्या म्हातारीचा वाटा एक नाही. जिने आयुष्यभर चुलीवर भाकरी भाजली आणि पंढरी पायी गाठली, तिला ‘तू पृथ्वी तापवलीस’ म्हणणे हा अन्याय होईल. हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. मोठा दोष ज्यांचा त्यांनी मोठा भार उचलावा, हे मागायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

तरीही आपण नेम धरावा, याला माझ्या मते तीन कारणे आहेत.

पहिले, झळ आपल्यालाच बसते. गोधडी कुणीही जाड केली असो, घाम कोरडवाहू शेतकऱ्याला फुटतो. अडवलेला पाऊस, जिवंत विहीर, बांधावरचे झाड हे आपल्या गावाला यंदाच्याच उन्हाळ्यात उपयोगी पडतात. त्यासाठी परदेशातल्या करारांची वाट बघायला नको.

दुसरे, काही वाटा आपलाही आहे. पंढरपूर, माळशिरस, इंदापूर, फलटण हा सगळा उसाचा पट्टा, आणि त्यात माळकरी बागायतदार थोडे नाहीत. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा राहून पाणी पितो. पाटाने सोडलेले पाणी रात्रभर वाहते. तोडणी झाली की पाचट पेटवून देतो. वाटेवरच्या गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर येतो, आणि शेजारच्या मळ्यात पाणी गुडघाभर उभे असते. हे आपण डोळ्यांनी बघतो.

तिसरे कारण इतिहासाने दिलेले आहे. वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी पुन्हा मनात आणा. रोजगार हमी, ग्रामस्वच्छता, आदर्श गाव. यातली कुठलीच गोष्ट दिल्लीहून उतरलेली नाही. आधी कुणीतरी एकाने करून दाखवले, मग गावाने नेम धरला, मग राज्याला तो घ्यावा लागला. सरकारकडे मागणी करणाऱ्याच्या पाठीशी पाळून दाखवलेला नियम असला, तर त्या मागणीला वजन येते.

आणि नेम धरायचा तर दिंडीसारखी जागा नाही. एकटा माणूस एकादशी विसरतो, दिंडी विसरत नाही. गळ्यात माळ घातली की शेजारी बघतो, म्हणून पाय वाकडा पडत नाही. पाणी पंचायतीला जे वर्षानुवर्षे बांधावे लागले, ते आपल्याकडे तयार आहे.

शंभरीनंतरचे सात नेम

चालकांपुढे आणि सर्व माळकऱ्यांपुढे हे सात नेम ठेवतो. चर्चा करावी, कमीजास्त करावे, पण जे ठरेल ते भिशीसारखे सगळ्यांचे असावे.

१. प्रत्येकाने आपले ताट, वाटी, तांब्या बरोबर घ्यावा. दिंडीच्या पंगतीत प्लॅस्टिक आणि थर्माकोल वर्ज्य. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या ताट-वाट्यांना बंदी आहे, तरी अन्नदानात त्या दिसतात. आपण अन्नदात्याला आधीच निरोप द्यावा, की माउली, ताटे आमची आम्ही आणतो.

२. पावसात अंगावर घ्यायचे प्लॅस्टिकचे कागद वारीनंतर वाटेवर पडलेले असतात. टिकाऊ रेनकोट किंवा घोंगडी घ्यावी. कागद घेतलाच तर तो घरी परत न्यावा.

३. बाटलीबंद पाणी घेऊ नये. सामानाच्या ट्रकमध्ये झाकणाच्या टाक्या आणि नळ ठेवावेत, म्हणजे हंड्यात हात बुडणार नाही आणि पाणीही सांडणार नाही.

४. पंगतीत उष्टे टाकू नये. तरीही उरलेले ओले अन्न गावातल्या उकिरड्यात नुसते फेकले तर ते कुजून आणखी एक तापवणारा वायू सोडते. मुक्कामाच्या गावात एक खड्डा ठरवून त्यात मातीच्या थरांनी झाकावे, गावाला खत होईल.

५. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखी मार्गांच्या रुंदीकरणाच्या कामांची पायाभरणी झाली. रस्ता मोठा होतो आहे, पण जुन्या वडांची सावली बरीच गेली. दिंडीने दरवर्षी थोडीच झाडे लावावीत, पण प्रत्येक झाड वाटेवरच्या एका ओळखीच्या घराच्या पदरात घालावे, आणि तीन उन्हाळे पाणी घालण्याचे वचन घ्यावे. झाडे लावल्याचे फोटो पुष्कळ निघतात, जगली किती ते कुणी मोजत नाही. आपण मोजू शकतो, कारण आपण दरवर्षी त्याच वाटेने, त्याच दिवसांत जातो. पुढच्या वारीला त्या झाडापाशी दिंडी थांबावी, एक अभंग व्हावा, आणि वाळले असेल तर तिथेच दुसरे लावावे.

६. गावी परतल्यावर काल्याच्या कीर्तनाच्या दिवशी गावाचा पाण्याचा हिशेब मांडावा. किती पाऊस झाला, विहिरींना किती पाणी, यंदा कोणते पीक झेपेल. हिवरेबाजार हे ग्रामसभेत करते, आपण मंदिराच्या सभामंडपात सुरुवात करू.

७. ज्यांच्याकडे ऊस आहे त्यांनी निदान ठिबकाशिवाय लावू नये, पाचट जाळू नये, ते सरीत कुजवावे. आणि जमेल त्याने दर वर्षी एखादा एकर ज्वारी, तूर, हरभरा यांच्याकडे वळवावा. हा सर्वात जड नेम आहे, म्हणून शेवटी ठेवला. तो एकट्याने पाळला तर तोटा, गावाने पाळला तर विहीर. नायगावच्या लोकांनी एकदा पाळून दाखवला आहे.

टाळ अजून वाजतो आहे

वारीतली एक रीत सगळ्यांना माहीत आहे. रात्री तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. टाळांचा एकच कल्लोळ असतो. चोपदार दंड वर करतात आणि क्षणात सगळे शांत होते. लाखाचा समाज, पण टाचणी पडली तरी ऐकू यावी. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळे गप्प, आणि एका कोपऱ्यातून टाळ वाजत राहतो. मग चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो, आणि मगच आरती.

एवढ्या मोठ्या समाजात लहानात लहान दिंडीचे गाऱ्हाणे ऐकल्याशिवाय आरती होऊ नये, ही शिस्त आपल्या पूर्वजांनी लावून दिली. आज आटलेल्या विहिरीचा, कापलेल्या वडाचा, सीनाकाठी वाहून गेलेल्या घराचा टाळ वाजतो आहे. आपल्या दिंडीने शंभर वर्षे पायांनी वाट राखली. दुसऱ्या शतकात पहिले पाऊल टाकताना निदान एवढे व्हावे, की त्या टाळाकडे कान द्यावा, जवळ जावे आणि आपल्या वाट्याचे जे असेल ते आपल्या हाताने नीट करावे. म्हणजे आपली नातवंडे पताका घेऊन निघतील तेव्हा त्यांच्या मागे पेरलेले रान असेल, वाटेवर सावली असेल आणि पुढे चंद्रभागेत पाणी असेल.

ज्ञानोबा-तुकाराम.